चाकांवरचे पत्रे

"पाना कुठाय? माझा पाना! अरे, हे घर आहे की पेंढाऱ्यांचा तळ? काल संध्याकाळी इथे, ह्या कोनाड्यात, मी स्वतःच्या हाताने ठेवला होता!"

भावोजी, तुमचा तो आवाज असा होता की दुर्गाडीच्या बुरुजावरची सगळी कबुतरं उडाली, आणि खाडीतल्या गलबतवाल्यांनी वादळ आलं समजून शिडं उतरवली. बरं, अर्धं करतो. शिडं उतरवली नाहीत. पण कबुतरं उडालेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली.

भाद्रपदातली सकाळ, बाहेर बारीक पाऊस, आणि तुम्ही कल्याणच्या ह्याच ओटीवर, धोतराचा काचा मारून, एका पायात बूट आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे गरगर फिरत होतात. गाद्या उलटल्या. जात्याखाली हात घातला. माझी पिशवी ओतून दशम्यांची चळत वेगळी करून पाहिली, जणू मी पाना दशमीत गुंडाळून खाणार होतो. शेवटी सोवळ्यातल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून तुम्ही विचारलंत, "इथे तर नाही ना?" तुमच्या मातुःश्री, आमच्या काकू, आतून कडाडल्या, "माझ्या सोवळ्यात तेलकट लोखंड? शिव शिव! बुद्धी गहाण ठेवलीस का?" चुलीपाशी बसलेल्या माझ्या बहिणीने, अक्काने, मान वर केली नाही. आणि तुम्ही वळून माझ्याकडे बोट दाखवलंत.

"गोपाळ, तूच लपवलास."

हे वाक्य मी तुमच्या तोंडून पुढे निदान लाखभर वेळा ऐकलं. अर्धं केलं तरी पन्नास हजार होतात, तेवढे राहू द्या.

आता तुम्ही नाही, आणि मी त्याच ओटीवर बसून हे लिहितो आहे. तेरावा परवा झाला. माणसं येतात, टेकतात आणि म्हणतात, "मास्तर म्हणजे धीरगंभीर गृहस्थ. कधी आवाज चढला नाही हो." भावोजी, शपथेवर सांगतो, मला उठून विहिरीमागे जाऊन हसून यावं लागलं. डोळे पुसतच परत आलो, तेव्हा लोकांना वाटलं मेहुण्याला फार लागलं. तेही खोटं नव्हतं म्हणा.

तुम्ही असतात तर मी काही सांगू लागताच बोट वर केलं असतंत, "अर्धं कर, गोपाळ." शाळामास्तर ना! मी सांगितलं वाघ पाहिला, की तुम्ही म्हणायचात, "अर्धा वाघ म्हणजे बोका. पुढे?" आता अर्धं करणारं कोणी उरलं नाही. माझ्या बढाया मलाच कापाव्या लागतात. न्हाव्याने स्वतःचीच हजामत करावी तशी गत झाली आहे. कुठेतरी कापणारच.

तर तो रुसवा. तुम्ही तो नंतर कधी कबूल केला नाहीत, पण आज उलट बोलायला तुम्ही नाही, तेव्हा मी सांगून टाकतो. कल्याणात पहिली बायसिकल तुमची. दिवाळसणाला तुम्ही तिच्यावर बसून ठाण्याला आमच्याकडे आलात. आमच्या तीर्थरूपांनी अंगणात तिला दोन प्रदक्षिणा घातल्या, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "लोखंडी गाढव दिसतंय. चारा काय घालता?" झालं! जिलबीच्या ताटावरून जावई उठले. "जिथे माझ्या बायसिकलला गाढव म्हणतात, तिथे माझी बायको माहेरपणाला येणार नाही!" हुंड्यावरून रुसलेले जावई पाहिले, आहेरावरून रुसलेले पाहिले. दोन चाकांवरून रुसलेले तुम्हीच पहिले.

आम्हाला वाटलं, आठ दिवसांत निवळेल. पण काकूंनी तो रुसवा उचलून धरला. मुलाचा मान तो घराण्याचा मान. दोन वर्षं अक्काला माहेर दिसलं नाही. गौरी यायच्या, आमची आई त्यांना माहेरवाशिणी म्हणून घरात घ्यायची, तांदळावरून पावलं काढायची, आणि मग मागच्या दारी जाऊन उभी राहायची. देवाच्या लेकी येत होत्या, पोटची येत नव्हती. ह्यात मी काही फुगवलेलं नाही. अर्धं करू नका.

तिसऱ्या भाद्रपदात मी ठरवलं की मुराळी म्हणून मी जाणार, आणि गाढवावरच बसून जाणार. एका पारशी शेटजीची जुनी बायसिकल मिळवली. भरीव रबराची, अशी जड की तिला उचलताना माझ्या पणजोबांना उचकी लागायची. खाडी ओलांडून कळवा, मुंब्रा, शीळ करत कल्याणला पोचलो, तेव्हा मी आहे की कुंभाराची माती आहे हे अक्काला ओळखता येईना. तुम्ही ओटीवर उभे. मी म्हटलं, "भावोजी, आता आमच्या घरीही गाढव आहे. अक्काला न्यायला आलोय."

तुमच्या मिशा हलल्या. हसू आलं होतं तुम्हाला. पण मागे काकू उभ्या होत्या.

"असं फुकट नाही," तुम्ही म्हणालात. "शर्यत लाव. उद्या सकाळी इथून निघायचं. शीळेपर्यंत पहिला टप्पा, तिथून डोंगर चढून पलीकडे मुंब्र्याच्या मारुतीपर्यंत दुसरा. तू पहिला पोचलास तर बहिणीला तिथूनच ठाण्याला ने. मी पोचलो तर ती माझ्याबरोबर परत येईल, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

काकू लगेच म्हणाल्या, "मी येते सकाळच्या आगगाडीने मुंब्र्याला. सुनेला घेऊन येते. परतीला सोबत हवी ना तिला!" तुम्ही जिंकणार ह्याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. माझ्या गाडीकडे पाहिल्यावर मलाही नव्हती.  अक्काने ट्रंक बाहेर काढली आणि तिच्यावरची धूळ पुसली.

पहिल्या टप्प्याची चिंता कोणालाच नव्हती. मानपाड्यावरून शीळेपर्यंत भातखाचरांमधली गाडीवाट, सपाट, बरी. खरी परीक्षा डोंगराची. तिथे ना खडी, ना मुरूम. चार महिने बैलगाड्यांनी मळलेली लाल चिकण माती. आदल्या वर्षी तिथे एक बैल रुतला, तो अजून सापडला नाही म्हणतात, नुसती घंटा ऐकू येते. अर्धं करा हवं तर. म्हणजे बैल सापडला, घंटा नाही.

ती संध्याकाळ मला ह्या ओटीवर अजून दिसते. दोन्ही बायसिकली उलट्या करून ठेवलेल्या, मध्ये एरंडेलाची वाटी, आणि आपण दोघं समोरासमोर मांडी घालून. उद्या जो शत्रू, त्याच्याच पान्याने मी माझी गाडी खोलत होतो, कारण घरात पाना तो एकच. आणि उद्या ज्याला हरवायचं त्यालाच तुम्ही शिकवत होतात. शाळामास्तराची खोड, समोर मांडी घातलेला माणूस दिसला की धडा सुरू.

"तुझं भरीव रबर म्हणजे सुरी आहे," तुम्ही म्हणालात. "मऊ मातीत कापत खाली जाईल. तू थेट पाताळात. माझं बघ, हवेचं." आणि तुम्ही सुस्स करून हवा सोडायला लागलात. मी ओरडलो, "अहो, जीव जातोय तिचा!" तुम्ही अंगठा दाबून दाखवलात. "भाकरीचं पीठ कसं मळतात? बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे, काढलं की भरून आला पाहिजे. चिखलात चाक टणक नको. पसरलं पाहिजे, धरलं पाहिजे."

"बाभळीचा एक काटा लागला की तुमची भाकरी पापड होईल," मी म्हटलं, आणि खाडीवरून आणलेला काथ्या काढून माझ्या चाकांभोवती गुंडाळायला लागलो, म्हणजे घसरणार नाही.

"काथ्या गुंडाळू नकोस, गोपाळ! नारळ आहे का तो?"

मी गुंडाळला.

मग उताराची गोष्ट निघाली. ब्रेक म्हणजे पुढच्या चाकाच्या रबरावर टेकणारा एक ठोकळा, आणि माझ्या रबरावर आता काथ्या. ठोकळा निरुपयोगी. चाक फिरलं की पायडल फिरणार, डोंगरावरून सुटलो की पाय चरख्यासारखे. मी म्हटलं, "माथ्यावर झाडाची एक फांदी तोडून मागे बांधतो. ओढत नेली की वेग आवरेल."

"फांदी बांधू नकोस! दोर साखळीत जाईल, तू दरीत जाशील, आणि तुझ्या बहिणीला मी काय सांगू?"

मी दोर पिशवीत टाकला.

शेवटी पत्रे. चिखल अंगावर उडू नये म्हणून चाकांवर कमानीसारखे बसवलेले ते पत्रे. मी पाना उचलला आणि ते खोलायला लागलो. तुम्ही उठूनच उभे राहिलात.

"पत्रे काढू नकोस, गोपाळ! अरे, शाडूचा गणपती होऊन पोचशील मुंब्र्याला! माणसाने माणसासारखं पोचावं. गाडी चालवणं म्हणजे नुसतं पुढे जाणं नाही, अंगावरचे कपडे शाबूत ठेवून पुढे जाणं."

आता माझा स्वभाव सगळ्या ठाणे जिल्ह्याला ठाऊक. मला कोणी म्हटलं, विहिरीत उडी मारू नकोस, की मी आधी धोतर खोचतो. पत्रे काढले. तुम्ही कपाळावर हात मारलात, पाना पुसून कोनाड्यात ठेवलात, आणि पाय धुवायला विहिरीवर गेलात. अक्का दिवा घेऊन ओटीवर आली, कोनाड्यात दिवा ठेवला आणि आत गेली.

आणि सकाळी उठून तुम्ही म्हणता काय, "रात्री मी विचार केला. गोपाळचं बरोबर आहे. मीही पत्रे काढतो." भावोजी, उभ्या जन्मात तुम्ही मला बरोबर म्हणालात ते तेवढं एकदाच. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी फुगलो. आणि मग पाना हरवला, कबुतरं उडाली, आणि काकू व अक्का गाडीची वेळ झाली म्हणून ट्रंक घेऊन निघाल्या. तुम्ही पत्र्यांसकट निघालात.

शर्यतीचं तर विचारू नका. मानपाड्यापर्यंत तुम्ही पुढे, आणि मी तुमच्या चाकांकडे बघत मागे. पत्र्यांमुळे तुमच्या पाठीवर एक थेंब नाही, माझ्या तोंडात अर्धी डोंबिवली. बांधावर आगरी बायामाणसं भातातून उठून बघत होती. एक म्हातारा ओरडला, "आरं, मास्तर येरा झायलाय!" वेडा म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला तुम्ही चालत्या गाडीवरून नमस्कार केलात. नमस्काराला हात सोडलात आणि तोल गेला नाही, ह्याचं मला आजही कौतुक आहे.

शीळेला तुम्ही इतके पुढे होतात की मला दिसत नव्हतात. मग डोंगर सुरू झाला.

चिकण माती म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं. चाकाला चिकटते, चाकाबरोबर वर जाते, आणि पत्रा असला की तिथे राहते. त्यावर पुढची, त्यावर त्याच्या पुढची, वर गवत, वर पालापाचोळा. मी वळण घेतलं तर समोर तुम्ही. गाडीवरून उतरलेले. चाक आणि पत्रा ह्यांच्यामध्ये माती अशी ठासून बसलेली की चाक फिरेचना. तुम्ही काठीने ती उकरत होतात. चार हात पुढे जायचात, पुन्हा भरायचं, पुन्हा उकरायचात. तुमच्या मागच्या पत्र्यावर एवढी माती साठली होती की तिच्यात नाचणी पेरता आली असती. मी पोचेपर्यंत कोंब फुटले होते. बरं, नव्हते.

माझ्या चाकांवर पत्रे नव्हते. माती यायची आणि उडून जायची. थोडी आकाशात, बरीचशी माझ्या अंगावर. काथ्याने वाट धरली होती. मी तुमच्या बाजूने हळूहळू, अगदी हळूहळू, पुढे सरकलो. त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे बघून जे बोललात ते मला आजवर उलगडलं नाही. काठी तशीच हातात धरून तुम्ही म्हणालात, "माथ्यावर ऐनाची फांदी घे. करवंदीची नको, काटे लागतील."

काल फांदी बांधू नकोस म्हणून ओरडणारा माणूस!

मी ऐनाची घेतली. दोर बांधला. आणि उताराला लागलो, तो काय उतार! फांदीने वाटेवरचं सगळं बरोबर घेतलं. पाचोळा, दगड, एक चुकार कोंबडी, एका गुराख्याची घोंगडी आणि त्या घोंगडीवर हक्क सांगणारा गुराखी. पण वेग आवरला. मुंब्र्याच्या मारुतीसमोर मी थांबलो, तेव्हा पुजाऱ्याने माझ्यावर शेंदूर टाकायचाच बाकी ठेवला. काकू देवळाच्या पायरीवर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं. वाटेवर तुम्ही नव्हतात. अक्का ट्रंकेवर बसली होती. ती उठली. बस, तेवढंच. पण माणूस उठतो किती तऱ्हांनी, हे मी त्या दिवशी पाहिलं.

बऱ्याच वेळाने तुम्ही आलात. गाडी खांद्यावर, धोतर स्वच्छ. काकूंनी विचारलं, "काय रे हे?" तुम्ही गाडी खाली ठेवलीत आणि सगळ्या मुंब्र्याला ऐकू जाईल असं ओरडलात, "ह्याने माझा पाना लपवला! नाहीतर ह्याला इंगा दाखवला असता! पण शब्द म्हणजे शब्द. जा, ने बहिणीला!"

काकू मला जे बोलल्या ते बोलल्या. मी मुंडी खाली घालून ऐकलं, कारण बाजूला अक्का ठाण्याच्या बैलगाडीत बसत होती. त्या वर्षी आमच्या घरी गौरी तीन आल्या असं आई म्हणायची. आणि विसर्जनाच्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, तीर्थरूपांनी तुमच्या बायसिकलला हळदकुंकू वाहिलं आणि तिच्यापुढे गवताची पेंढी ठेवली. तुम्ही इतके हसलात की तुमची पगडी पडली. रुसवा तिथे संपला. त्यानंतर एकही भाद्रपद रिकामा गेला नाही.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. मी म्हणायचो, "भावोजी, तुम्ही मुद्दाम हरलात. मी उलटं करणार हे ठाऊक असून मला काथ्या नको, फांदी नको, पत्रे काढू नको म्हणालात." तुम्ही म्हणायचात, "मी आणि मुद्दाम? पाना लपवून जिंकलास आणि वर उपकार माझ्यावर?" लग्नात, मुंजीत, पंगतीत, जिथे दोन माणसं भेटतील तिथे तुम्ही मला पानाचोर केलंत. काकू तर शेवटपर्यंत मला पान्यावरूनच टोचत राहिल्या. मी शपथा घेतल्या, रागावलो, एकदा तर जेवण अर्धवट टाकलं. तुम्ही आपले मिशीत हसत. शेवटच्या आजारात, आवाज उरला नव्हता तेव्हाही, मी उशाशी बसलो तर हाताने नट पिळल्यासारखं करून दाखवलंत. मी म्हटलं, "मी नाही हो घेतला!" तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. ते हो होतं की नाही होतं?

एवढं एकच आपल्यात बोलायचं राहिलं. बाकी सगळं आपण मोठ्याने बोललो, शेजाऱ्यांना विचारा. तुमच्याबद्दल मला रडू येतं ते थोडा वेळ. मग ती नाचणीची शेतं आठवतात, तो चालत्या गाडीवरचा नमस्कार आठवतो, आणि वाटतं, बरं झालं बाबा, तीर्थरूप त्या दिवशी गाढव म्हणाले. नाहीतर एका डोंगरावरच्या चिखलात हा माणूस मला इतका जवळून दिसला नसता.

तुमची गाडी मागच्या पडवीत उभी आहे. पत्रे अजून तिच्यावर आहेत. तुम्ही ते पुढेही कधी काढले नाहीत. मी काल त्यांच्यावरची धूळ पुसली, आणि पुसता पुसता ते भांडण पुन्हा उसळलं. तसाच आत गेलो. अक्का माजघरात वाती वळत बसली होती. मी म्हटलं, "अक्का, आता ते नाहीत, काकू नाहीत. आता तरी सांग. देवाशप्पथ, मी तो पाना घेतला नव्हता. मग ते मुद्दाम हरले, की खरंच हरवला होता पाना?"

अक्काने हातातली वात पुरी केली, बाकीच्यांत ठेवली, आणि दुसरा कापूस घेत म्हणाली,

"पाना त्या रात्री मी सोवळ्यातल्या पिठाच्या डब्यात पुरला होता. पुरत होते तेव्हा ते दारात उभे होते."